जागा पुरली नाही

कोल्हापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संयोगितास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. माझ्या नंबरवरून तुझा फोन लागत नाही. पूर्णिमाच्या फोनवरून लावता आला असता, पण वहिनीच्या आडून भावानं बोलायचं हे बरं दिसत नाही. म्हणून पत्र. महालिंगचं पूर्ण नाव, काजूचा कारखाना आणि आजरा एवढं लिहिलं की पोचतं, असं पोस्टातला माणूस म्हणाला.

कारण असं की आई पडली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि जाताना वॉकरला शिव्या देते. काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, पण शहात्तर वय म्हणजे शहात्तर.

आबांना जाऊन सात वर्षं झाली. आई तुझं नाव काढत नाही. तिचा राग कशावर आहे ते तुला माहीत आहे. बापाच्या रक्षाविसर्जनाला पोटची मुलगी आली नाही, हे ती अजून धरून बसली आहे. मी त्यात पडत नाही. पण तू धाकटी आहेस. तू आधी आलीस तर तिचा राग किती टिकणार? तुझ्या लग्नाचं आता इथं कुणी काही बोलत नाही. मराठ्याची मुलगी लिंगायताच्या घरात गेली म्हणून पेठेत चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी दुसरा विषय मिळाला.

राहिलं फळ्याचं. तेव्हा फोनवर सांगितलं तेच पुन्हा सांगतो. तालमीचा फळा केवढा आणि माझं अक्षर केवढं, हे तुला सांगायला नको. आबांची निधनवार्ता लिहिताना शेवटच्या ओळीला जागा पुरली नाही. ‘मुलगी, जावई’ हे दोन शब्द राहिले. कुणीतरी ते तुझ्या कानावर घातलं आणि तू मनाला लावून घेतलंस. अशा दिवशी माणूस जागेवर असतो का?

आईच्या तब्येतीचं कळवलं. पुढं तुझी मर्जी.

तुझा,
अमरसिंहदादा


कोल्हापूर
रविवार, २३ मार्च २०२५

चि. संयोगितास,

उत्तर आलं नाही. दीड महिना वाट बघितली. मग माझ्या मनात आलं की तुला पत्र वाचताच आलं नसेल. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. आबांच्या मागं तालमीचा फळा मीच लिहितो. आपल्या पेठेला अजून मोबाइलपेक्षा फळ्यावर भरवसा आहे. कोण गेलं, माती कधी, रक्षाविसर्जन किती वाजता, हे चौकात खडूनं लिहिलेलं दिसल्याशिवाय माणूस गेला असं लोक धरत नाहीत. गेल्या महिन्यात मी एक निधनवार्ता लिहून वर्कशॉपला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर खाली कुणीतरी सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘वाचून दाखवायला माणूस आत बसलाय.’ ज्याच्या घरचं माणूस गेलं होतं तोही हसत होता.

तर मी क्लास लावला आहे. अक्षर सुधारण्याचा. एकोणपन्नासाव्या वर्षी.

झेरॉक्सच्या दुकानावर माडी आहे, तिथं सौंदर्या नावाची मुलगी हे वर्ग घेते. वय सव्वीस-सत्तावीस. मी जिना चढून गेलो तेव्हा तिनं विचारलं, मुलाला आणलंय की नातवाला? मी म्हटलं, मलाच आणलंय. ती हसली नाही. तिनं मला एक दुरेघी वही दिली आणि माझं नाव दहा वेळा लिहायला लावलं. मी लिहिलं. ती ते बराच वेळ बघत होती, वैद्य जीभ बघतो तशी.

वर्गात पंधरा पोरं आहेत, सगळी दहाच्या आतली. बाकडी त्यांच्या मापाची. माझे गुडघे बाकात जात नाहीत, म्हणून मी आडवा बसतो. माझ्या शेजारी तिसरीतली एक मुलगी बसते. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या वहीत वाकून म्हणाली, “काका, तुमचा ‘ळ’ पडलाय.” मग थोड्या वेळानं, “तुमच्या साळंत मारत न्हवते काय?”

मारत होते. तुला आठवत असेल, माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी शेवटी एकच शेरा असायचा, ‘अक्षर सुधारावे’.

सौंदर्याचं म्हणणं असं की माझा हात वाईट नाही. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग धरणारा हात वाईट असेल कसा? ती म्हणाली, “काका, तुम्हाला शब्द संपवायची घाई असते. त्याच्या आत काय आहे ते तुम्ही बघत नाही.” रोज एक पान कित्ता गिरवायचा, एवढंच औषध.

मी गिरवतो. सकाळी वर्कशॉपला जायच्या आधी, सोप्यात बसून. आई विचारते, काय करतोस? मी म्हणतो, हिशेब. तिला लिहिता-वाचता येत नाही ते एका परीनं बरं आहे, नाहीतर ‘क’च्या चाळीस ओळींचा कसला हिशेब ते सांगावं लागलं असतं.

हे पत्र तरी लागतं का बघ.

दादा


कोल्हापूर
रविवार, १८ मे २०२५

संयू,

तीन महिन्यांचा कोर्स परवा संपला. मी अजून एक महिना वाढवून घेतला आहे. पोरांना सुट्टी लागली म्हणून वर्गात आता आम्ही चौघंच आहोत. माझा ‘ळ’ उभा राहिला.

अक्षर शिकताना एक गोष्ट घडते, ती कुणी आधी सांगत नाही. ज्यांचं ज्यांचं अक्षर तुम्ही आयुष्यात बघितलं ते सगळे आठवायला लागतात. आबांचा ‘श’ आठवला. दिवसभर फौंड्रीत वाळूचे साचे ठोकणारा माणूस, नखं काळी, आणि संध्याकाळी चौकात उभं राहून त्याच हातानं तो ‘श’ काढायचा. पेठेतली माणसं म्हणायची, मरावं तर गुंडूआण्णांच्या अक्षरात मरावं.

आणि शहाण्णव साल आठवलं. आबांच्या उजव्या हातावर पातळ लोखंडाचा शिंतोडा उडाला होता, दोन महिने हात बांधलेला. तू नववीत होतीस. त्या दोन महिन्यांत फळा तू लिहिलास. पहाटे, चौक जागा व्हायच्या आत. आबा शेजारी उभे राहायचे आणि मजकूर सांगायचे. मुलीनं तालमीचा फळा लिहायचा म्हणजे चार लोक बोलले असते, म्हणून घरातल्या घरातच ठेवलं. पेठेला वाटलं, गुंडूआण्णा डाव्या हातानंही मोती पाडतात. खरं तर फरक कुणाला कळलाच नाही. आबांचं अक्षर जसंच्या तसं तुझ्या हातात उतरलं होतं. मी वीस वर्षांचा होतो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात वर्कशॉपमधून टेप आणून मी फळा मोजला. चार फूट बाय तीन. मग घरी कागदावर त्या मापानं ओळी आखून आबांची निधनवार्ता मी आताच्या अक्षरात लिहून बघितली. ‘मुलगी, जावई’ बसतात. बसून खाली वीतभर जागा उरते. हे तेव्हा शिकलो असतो तर एवढं रामायण झालं नसतं.

सौंदर्याला तो कागद दाखवला. काय आहे ते सांगितलं नाही, ओळींतलं अंतर बरोबर आहे का एवढंच विचारलं. ती म्हणाली अंतर बरोबर आहे. मग तिनं पोरांना सांगतात तसं मलाही सांगितलं, की लिहिलेलं काही पुसावं लागलं तर उरलेले शब्द ताणून ती जागा भरू नका. ओळ फाकते, आणि ज्याला अक्षर कळतं त्याला लांबूनच दिसतं की इथं काहीतरी होतं. 

आज उकाडा फार आहे.

एक सांगायचं होतं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की फळ्याचं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं. तसं नाही, हे मला माहीत आहे. तू आली होतीस. फळ्यासमोर बनाबाई फुलं घेऊन बसते, तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. रक्षाविसर्जन उरकून आम्ही पंचगंगेवरून परत येत होतो. तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “तुझी भैन आलती. जावाईबी हुता. फळा वाचला, मग पुन्हा एकदा वाचला, आनि आल्या पावली गेली माघारी. मी हाक मारली तर बघितलंबी न्हाय.”

मी बनाबाईला म्हटलं, हे आईला सांगू नका, तिला त्रास होईल. बनाबाईनं शब्द पाळला. पेठेतल्या बाकीच्यांना वाटलं, फळ्यावर काय आहे ते आईला माहीतच असणार. जिच्या नवऱ्याची बातमी तिला कोण जाऊन विचारणार?

तू आली होतीस हे आईला माहीत नाही, संयू. तुझं नाव नव्हतं हेही माहीत नाही. तिच्या लेखी तू आलीच नाहीस. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, तेव्हा मी तुला सांगितलं की आई बोलायला तयार नाही. ते खरं होतं. ती का तयार नाही ते मी सांगितलं नाही.

हे पान मी चार वेळा लिहिलं. चौथं पाठवतो आहे.

दादा


कोल्हापूर
रविवार, २९ जून २०२५

प्रिय भगिनी चि. सौ. संयोगिता हिस,

सप्रेम आशीर्वाद. पूर्वीची तीन पत्रे मिळाली असतीलच. त्यांतील अक्षर व भाषा यांत काही उणे असल्यास क्षमा असावी.

तीर्थरूप आबांच्या निधनप्रसंगी तालमीच्या फलकावर मजकूर लिहिताना जागेअभावी व माझ्याकडून अनवधानाने तुझा व श्री. महालिंग यांचा उल्लेख राहून गेला. त्यामुळे तुम्हां उभयतांच्या मनास जे क्लेश झाले त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. झाले गेले विसरून आपण सहकुटुंब घरी यावे व आईची भेट घ्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

तुझा बंधू,
अमरसिंह


कोल्हापूर
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

संयू,

हे अक्षर ओळखीचं वाटेल. आज दुरेघी वही घेतली नाही. वर्कशॉपच्या जॉबकार्डाच्या पाठीवर, लेथशेजारी उभा राहून लिहितो आहे. ‘ळ’ पुन्हा पडला तर पडू दे.

महालिंगचा फोन आला होता. तुला माहीत आहे की नाही ठाऊक नाही. चौदा वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मला अण्णा म्हणाला. तुमच्याकडं थोरल्या भावाला म्हणतात तसं. मी नुसतं हं हं करत राहिलो. मागं एक मुलगी त्याला कन्नडमध्ये काहीतरी विचारत होती. आठ-नऊ वर्षांची असेल आवाजावरून. तुझीच असणार. मी नाव विचारलं नाही. विचारायचा मला काय हक्क?

त्यानं जे सांगितलं ते असं. माझी पहिली तीन पत्रं तू फोडलीच नाहीस. पाकिटावरचं अक्षर बघितलंस आणि कपाटात ठेवून दिलीस. चौथं फोडलंस, कारण ते अक्षर तुला परकं वाटलं. वाचलंस आणि त्याला म्हणालीस, “हे दादाचं न्हवं. कुणाकडनं तरी लिवून घेतलंय. माफीबी दुसऱ्याकडनंच मागून घेतोय.”

महालिंग म्हणाला, “अण्णा, मी तिला म्हटलं की शिकले असतील. ती म्हणाली, दादा शिकायचा न्हाय.” मग म्हणाला, “तुम्ही रागावू नका.”

मी कसला रागावतो? फोन ठेवल्यावर चौथ्या पत्राचा कच्चा कागद काढून वाचला. तुझं बरोबर होतं. अक्षर माझं होतं, बाकी काहीच माझं नव्हतं. पाच महिने खपून मी एवढंच साधलं, की खोटं सुवाच्य लिहिता यायला लागलं.

तेव्हा आता घाईत लिहितो. मला घाईतच खरं लिहिता येईल असं दिसतंय.

फळ्यावर जागा होती.

आबा मंगळवारी पहाटे गेले. ज्याच्या घरी दुःख, त्यानं फळा लिहायचा नाही, ही तालमीची जुनी रीत. आपलं माणूस गेल्यावर हात ठिकाणावर नसतो, म्हणून दुसऱ्यानं लिहायचं. पोरं म्हणाली, आम्ही लिहितो. मी म्हटलं, आबांचा फळा आहे, मीच लिहिणार. रडत म्हटलं, त्यामुळं कुणी अडवलं नाही.

खडू आणायला मी तालमीतलं आबांचं कपाट उघडलं. खडूच्या खोक्याखाली पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. आजऱ्याचा शिक्का. पत्ता तालमीचा, अक्षर आबांचं. मी चक्रावलो, आबांनी स्वतःलाच पत्रं लिहिली की काय? मग सही बघितली. ती तुझी होती. सहा वर्षांची पत्रं. त्यांवरून कळलं की आबाही तुला लिहीत होते, आणि मुरगूडला आत्याकडं जातो म्हणून दोनदा तुझ्या घरी येऊन जेवून गेले होते. लग्नाच्या वेळी घरात मी सगळ्यांत जास्त आवाज केला होता, आबा गप्प होते. ते गप्प बसणं म्हणजे माझ्या बाजूनं आहे असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो.

मला आबांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. एका घरात राहणाऱ्याला कोण पत्र लिहितं, हे मला कळतं. त्या दिवशी कळत नव्हतं. आणि लग्नाचं सोड. शहाण्णव सालापासून माझ्या पोटात एकच गोष्ट होती, की आबांचा हात भाजला तेव्हा त्यांनी वीस वर्षांच्या मुलाला सोडून चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात खडू दिला. तिसऱ्या पत्रात मी लिहिलं की मला काही वाटलं नव्हतं. ते खोटं आहे.

मी बाहेर आलो आणि फळा लिहिला. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ पूर्ण लिहिला, संयू. माझ्या त्याच फेंगड्या अक्षरात सगळं बसलं होतं. मग मी दोन पावलं मागं जाऊन बघितलं, पुढं आलो आणि ‘मुलगी, जावई’ तळहातानं पुसलं. उरलेली ओळ पुसून पुन्हा लिहिली, शब्द ताणून, म्हणजे मधलं भगदाड दिसू नये. पूर्णिमा तिथून जात होती, तिनं बघितलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा मी तिला म्हटलं की आईला काय सांगायचं ते मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. सात वर्षं ती पडली नाही. पण त्या दिवसापासून चौकातून जाताना ती फळ्याकडं बघत नाही.

तू दोनदा वाचलास म्हणे. तुला ती फाकलेली ओळ दिसली असणार. खाली पांढरा हात फिरलेला दिसला असणार. अक्षर तुला माझ्यापेक्षा कळतं. आणि त्याच संध्याकाळी तू फोन करून विचारलंस, “दादा, माझं नाव का न्हाय?” आणि मी म्हणालो, जागा पुरली नाही. तू फोन ठेवलास. आता मला कळतं की तू फळ्यासाठी फोन केला नव्हतास. फळ्यावर काय झालं ते तुला दिसलंच होतं. मी खरं बोलतो का, एवढंच तुला बघायचं होतं.

महालिंगच्या फोननंतर दोन दिवसांनी मी आईला सांगितलं. ती कट्ट्यावर मेथी निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, पोस्टकार्डांसकट. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, “काय लिवलं हुतंस, वाच.” मी ती ओळ म्हणून दाखवली. ती म्हणाली, “फुडं?” मी म्हटलं, पुढं काही नाही.

मग तिनं जुडी खाली ठेवली.

“सात वरसं मी त्या पोरीला बोल लावला. हितं बसून. तू जेवत बसायचास, ऐकायचास, आनि भात वाढ म्हणायचास.”

तिनं निवडलेल्या काड्या बाजूला सारल्या.

“मला वाचाय येत न्हाय, तेवढंच तुझ्या कामाला आलं व्हय रे, अमर?”

पेठेत माझी अक्षरावरून इतकी चेष्टा झाली, वर्गात पोरं हसली, त्याचं मला काही वाटलं नाही. हे वाक्य मात्र रोज सकाळी कित्त्याची वही उघडायला गेलं की आधी येतं. वही बंद आहे.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट पूर्णिमाच्या हातून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाली, आजऱ्याच्या गाडीचं बघ. मी म्हटलं, तू कशाला जातेस, मी संयूला इथं बोलावतो, पाया पडून बोलावतो. ती म्हणाली, “तिला किती वेळा बोलवून माघारी धाडायचं? राग मी धरला, ती न्हाय. मी जातो.”

डॉक्टर नको म्हणाले. तिनं त्यांना विचारलं की आजऱ्यापर्यंतचा रस्ता तुम्ही करून देणार हाय काय, नसंल तर गप बसा. मी मोटार करतो म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणाली. मोटारीनं गेलं की तू तिच्या दारापर्यंत येशील, मग ती पोरगी दार उघडील का? एसटीनं जायचं. आणि तू गाडीतनं उतरायचं न्हाय. हे सगळं तिचंच आहे, मी फक्त लिहून घेतलं.

तर असं ठरलं आहे. येत्या शनिवारी राखीपौर्णिमा आहे. तो दिवस मी मुद्दाम टाळला. मनगट पुढं करायला मी येत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातला रविवार, १७ तारीख. सकाळची सावंतवाडी गाडी, आजरा स्टँडवर साधारण साडेदहा-अकराला येते. पावसामुळं उशीर झाला तर महालिंगला फोन करीन, तुझ्या फोनवर करणार नाही. मी आंबोलीचं तिकीट काढणार आहे. आई उतरली की गाडी पुढं जाईल, मी तिच्यातच असेन. आंबोलीला उतरून दुसऱ्या गाडीनं परत येईन. ती आजऱ्यावरूनच येते, पण मी खिडकीपाशी बसणार नाही.

आई किती दिवस राहणार ते तिनं सांगितलेलं नाही. न्यायला मी यायचं की महालिंगनं आणून सोडायचं, की आणूनच सोडायचं नाही, ते तुम्ही दोघी ठरवा. तिच्या पिशवीत औषधं आहेत, कुठली कधी ते पूर्णिमानं प्रत्येक पाकिटावर लिहिलं आहे. पोस्टकार्डांचा गठ्ठाही तिच्यापाशीच आहे. त्या दिवसानंतर मी पुन्हा एकही वाचलेलं नाही. ती म्हणते, तिची ती वाचून दाखवील.

मला क्षमा कर असं लिहायचं होतं. चौथ्या पत्रात ते इतक्या वळणदार अक्षरात लिहून बसलो की आता तो शब्द वापरवत नाही. तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल. तिला स्टँडवर घ्यायला ये. तू आली नाहीस तर ती वॉकर घेऊन चालत तुझं घर विचारत येईल, आणि विचारील मोठ्यानं, सगळ्या आजऱ्याला ऐकू जाईल असं. तुला माहीत आहे ती.

गाडीची पायरी उंच असते. ती वॉकर आधी खाली देईल, मग उजवा पाय टाकील. डावा पाय लगेच टेकवत नाही, थोडा वेळ अधांतरी ठेवते. त्या वेळी तिला घाई करू नकोस, कंडक्टर ओरडला तरी. मी आतून धरीन. बाहेरून तू धर.

अमर